त्या सोमवारी मी खोटं बोललो

मी भोंगा आहे. शहरात मला लाउडस्पीकर म्हणतात, यवतमाळ जिल्ह्यात मात्र भोंगाच. रोज माझ्या तोंडून दुसरे बोलतात. आज थोडा वेळ मला बोलू द्या. जे घडलं ते मी फार जवळून पाहिलं आहे, आणि त्यातल्या दोषात माझाही वाटा आहे.

अल्युमिनियमचा पत्रा साच्यावर दाबून, फिरवून माझं तोंड घडवलं. मागे युनिट बसवलं आणि करडा रंग मारला. यवतमाळच्या एका साउंड सर्व्हिसच्या दुकानात मी तीन महिने तारेला टांगलेला होतो. पंच्याण्णव सालची निवडणूक आली आणि आर्णी तालुक्यातले पक्षाचे पुढारी सदाशिवराव मला घेऊन गेले. त्यांचं गाव सावरडोह, आर्णीपासून दोन कोसांवर. जीपच्या टपावर मला बांधलं आणि माइक एका तरण्या माणसाच्या हातात दिला. तो उकंडा.

उकंडाचा आवाज असा, की चौकात बोलला तर नाल्यापलीकडच्या वावरातली बाई निंदण थांबवून ऐके. इतर लोक माइकवर टिचक्या मारतात, फुंकर घालतात, दहा वेळा हॅलो म्हणतात. उकंडा सरळ बोलायला लागायचा. निवडणूक संपल्यावर सदाशिवराव म्हणाले, "उकंडा, भोंगा तुह्याच घरी राहू दे. तुले जमते हे काम." तेव्हापासून बौद्धवाड्यातल्या त्याच्या घरात, बाबासाहेबांच्या फोटोशेजारच्या खुंटीवर माझा मुक्काम झाला.

पक्षाचा मी होतो, पण कामं गावाची करायचो. पोलिओचा डोस आला, कुणाची म्हैस चुकली, रेशनचं धान्य आलं, चौदा एप्रिलची मिरवणूक निघाली, सगळं माझ्या तोंडून. दर पाच वर्षांनी मात्र मी फक्त पक्षाचा. तेव्हा उकंडा गळ्यात पक्षाचा दुपट्टा घालून सूर्य मावळेपर्यंत फिरायचा. त्याचे वडीलही याच पक्षाचे. घरात कधी दुसरा झेंडा आला नाही.

ही निष्ठा कुठून आली ते मला ठाऊक आहे. नव्व्याण्णव साली सभेसाठी मला निंबाच्या झाडावर बांधताना फांदी मोडली. उकंडा आणि मी दोघंही खाली आलो. मला पोचा पडला, त्याची मांडी मोडली. सदाशिवराव सभा टाकून धावले. उकंडाला स्वतः उचलून जीपमध्ये घातलं, यवतमाळला नेलं आणि दोन दिवस त्याच्या खाटेजवळ बसून राहिले. पुढारी आपल्यासाठी सभा टाकतो, ही गोष्ट माणूस विसरत नाही. उकंडाही विसरला नाही.

आता त्या वर्षाकडे येतो. दोन हजार सतरा साल. त्या साली पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, माणसाच्या डोक्याच्या वर गेली. झाडं दाट, आत हवा कोंडलेली, आणि बोंडात अळी. जो तो फवारणीच्या मागे लागला. पाठीवर पंप घेऊन मजूर त्या उंच पिकात शिरायचे आणि औषधाचं धुकं त्यांच्याच तोंडावर यायचं. अळी एका औषधाने मरेना, म्हणून दोन-दोन औषधं मिसळून द्यायला सुरुवात झाली. गावात औषधाचं दुकान एकच, सदाशिवरावांचं कृषी केंद्र.

उकंडाची बायको कांताबाई गावची आशाताई होती. घरोघर जाऊन बाळंतिणींची, आजाऱ्यांची विचारपूस करायची. भादव्यात तिनं जेवताना उकंडाला सांगितलं, "लोकाईचे डोये जळून राह्यले. ओकाऱ्या होऊन राह्यल्या. दोघाईले यवतमाळले नेलं आज."

"उन्हानं होत असन," उकंडा म्हणाला.

कांताबाईने आपल्या वहीत दोन नावं लिहिली. पंधरा दिवसांत दोनाचे सात झाले. सातवा देवसिंग.

देवसिंग गावाबाहेरच्या बंजारा तांड्यावरचा, उकंडाच्या वयाचा. दोघं एकत्र सभेच्या सतरंज्या टाकत, झेंडे लावत. उकंडा बोलायचा आणि देवसिंग जीपमागून पत्रकं उडवायचा. पोहरागडच्या तीर्थाला जाऊन त्याने तरुणपणीच व्यसन न करण्याची शपथ घेतली होती. दारूच काय, साधी सुपारीही तो तोंडात टाकत नसे. तो फवारणी करून घरी आला, बायकोला, धनीबाईला म्हणाला, "मले दिसून नाई राह्यलं," आणि ओट्यावरच कोसळला.

त्यानंतरच्या सोमवारी सकाळी सदाशिवराव उकंडाच्या दारी आले. हातात एक कागद.

"रविवारी आर्णीले आपली मोठी सभा हाय," ते म्हणाले. "वरचे लोक येऊन राह्यले. अन् विरोधकाईनं या फवारणीचं निमित्त केलं हाय. हे वाचून टाक गावात. तीन ठिकाणी. चौक, एसटीचा थांबा अन् तांडा."

उकंडाने कागद वाचला. मी खुंटीवरून त्याचा चेहरा पाहत होतो. तो दुसऱ्यांदा वाचत होता.

"भाऊ, हे... मजुराईनं दारू पिऊन फवारा मारला, असं लिवलं हाय."

"मंग? पेत नाईत का लोकं?"

"काही पेतात."

"झालं तं. औषधात दोष नाई, इतकंच सांगायचं हाय. लोकं घाबरले तं पऱ्हाटी हातची जाईन. गावाच्या भल्याचंच हाय हे." त्यांनी उकंडाच्या खांद्यावर हात ठेवला. "तुह्या आवाजावर लोकाईचा भरोसा हाय."

रामधनच्या ऑटोवर मला बांधलं आणि आम्ही निघालो.

चौकात उकंडाने माइक घेतला. आवाज नेहमीसारखाच खणखणीत, पण घाई केल्यासारखा. "ग्रामस्थांना कळवण्यात येते की, औषधात कोणताही दोष नाही. काही मजुरांनी दारू पिऊन फवारणी केल्यामुळे त्यांना त्रास झाला आहे. अफवांवर विश्वास ठेवू नये." मी ते जसंच्या तसं गावभर फेकलं. पानटपरीवरची माणसं एकमेकांकडे बघून हसली. एक जण म्हणाला, "मले वाटलंच होतं." थांब्यावर पुन्हा तेच. तिथे राळेगावकडे जाणारी दोन माणसं म्हणाली, "आमच्याकडं बी हेच असन मंग."

बघा, किती सोपं असतं. दोन ठिकाणी मी बोललो आणि सात आजारी माणसं गावासाठी दारुडी झाली.

मग तांडा आला. उकंडाने "औषधात कोणताही" इतकंच म्हटलं असेल, तोच धनीबाई ऑटोच्या पुढे येऊन उभी राहिली. ती रात्रभर दवाखान्यात होती, सकाळच्या एसटीने आंघोळीपुरती घरी आली होती. थांब्यावरची घोषणा तिने एसटीतून उतरतानाच ऐकली होती.

ती ओरडली नाही. तिनं विचारलं, "उकंडाभाऊ, माहा नवरा दारू पेते का? तुमी सांगा."

उकंडाने माइक खाली धरला. बटण चालूच होतं, त्यामुळे तिचा प्रश्न माझ्यातून साऱ्या तांड्याने ऐकला. बायका दारात आल्या. दाण्याला आलेल्या कोंबड्यासुद्धा थांबल्या की काय, असं मला वाटलं. सगळे उत्तराची वाट पाहत होते.

"नाई पेत," उकंडा म्हणाला. तेही माझ्यातून गेलं.

"मंग काहून सांगता?"

त्याने बटण बंद केलं आणि रामधनला म्हणाला, "चाल."

घरी कांताबाई दारातच उभी होती. बावीस वर्षांत ती पक्षाविषयी एक शब्द बोलली नव्हती. सभा असली की भाकरी बांधून द्यायची, एवढंच. त्या दिवशी तिनं आपली वही उघडून त्याच्यापुढे ठेवली. सात नावं होती. "यातल्या सहाईनं, जो ज्या दिवशी पडला त्या दिवशी, सकाळी सातले कामावर जाण्याआधी माह्या हातची गोळी घेतली होती," ती म्हणाली. "डोकं दुखते म्हनून. कोनाच्याच तोंडाले वास नोयता. तुमी मले इचारलं असतं तं सांगतलं असतं."

"मी इचारलंच नाई," उकंडा म्हणाला. त्याने वही जवळ ओढली आणि एकेक नाव वाचलं.

दुसऱ्या दिवशी तो यवतमाळला देवसिंगला भेटायला गेला. मी सोबत नव्हतो. परत आल्यावर त्याने कांताबाईला जे सांगितलं, ते मी खुंटीवरून ऐकलं. देवसिंगच्या दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या होत्या. आवाजावरून त्याने ओळखलं. पहिला प्रश्न विचारला, "रविवारच्या सभेची तयारी झाली का?" मग थोड्या वेळाने म्हणाला, "आपल्या पक्षाचं कोनी आलं नाई रे इकडे."

उकंडा म्हणाला, "मी आलो ना."

"तू तं उकंडा म्हनून आला. मी पक्षाचं इचारून राह्यलो."

हे सांगताना उकंडाचा आवाज फुटला. हजारो माणसांपुढे न अडखळलेला तो आवाज. "कांता, त्याले अजून मालूम नाई मी काय बोललो ते," तो म्हणाला. "धनीबाईनं सांगतलं नाई त्याले."

बुधवारी सकाळी त्याने मला खुंटीवरून काढलं, काखेत घेतलं आणि चालत कृषी केंद्रावर आला. दुपट्टा घडी करून माझ्या तोंडात ठेवला होता. दुकानात दोन-तीन कास्तकार होते. सदाशिवराव गल्ल्यामागे.

"भाऊ, भोंगा आनला," उकंडा म्हणाला आणि मला टेबलावर ठेवलं. "तो कागद मी आता वाचनार नाई. जो वाचला, तो बी वापस घेनार हाय."

सदाशिवरावांनी कास्तकारांना बाहेर थांबायला सांगितलं. "कोनी फितवलं तुले? तिकडच्या लोकाईनं?"

"नाई."

"उकंडा, मी तुले यवतमाळले नेलं होतं. दोन दिवस बसलो होतो तुह्यापाशी. इसरला?"

"इसरलो असतो तं इथं आलो नसतो, भाऊ. परस्पर चौकात जाऊन बोललो असतो." उकंडा हात जोडून उभा होता, पण मान वर होती. "तवा तुमी सभा टाकून माह्यासाठी आलते. मी त्या मानसाच्या मागं अठरा वर्सं फिरलो. देवसिंग बी तुमचाच मानूस हाय. त्याच्यासाठी एक दिवस निघाला नाई तुमाले?"

सदाशिवरावांचा चेहरा लाल झाला. "पक्षात शिस्त असते. इथं ज्यानं त्यानं आपल्या मनाचं बोललं तं कसं चालन? जाय तू."

उकंडा गेला. जाताना मागे वळून त्याने माझ्याकडे पाहिलं. मला त्यांनी गोदामात टाकलं.

ते दिवस वाईट गेले. औषधाच्या खोक्यांमध्ये मी उपडा पडलो होतो. वास असा, की माझ्यासारख्या पत्र्यालाही मळमळावं. बाहेर काय चाललंय ते भिंतीपलीकडून कानावर येई. पक्षाची पोरं उकंडाला गद्दार म्हणत होती. दुसऱ्या पक्षाचे लोक गाडी घेऊन त्याच्या दारी आले, मंचावर बसवतो म्हणाले. त्यानं त्यांना चहा पाजला आणि सांगितलं, "एक दुपट्टा उतरवला म्हनून लगेच दुसरा घालाचा का? मले थोडं मोकया गळ्यानं राहू द्या."

आणि रोज सकाळी मला त्याचा आवाज ऐकू यायचा. माझ्याशिवायचा. तो आणि कांताबाई गल्लीगल्लीतून फिरत होते. "तोंड बांधल्याशिवाय फवारा मारू नका! दोन औषधं मिसवू नका! वाऱ्याच्या उलट्या दिशेनं चालू नका!" पहिले तीन दिवस आवाज गोदामापर्यंत पोचे. मग घोगरा झाला. मग नुसतीच कांताबाई ऐकू येऊ लागली.

रविवारची सभा होऊन गेली. त्यानंतर चार दिवसांनी दुपारी गोदामाचं दार उघडलं. सदाशिवरावांच्या पत्नी विमलताई आत आल्या. त्या दुकानाकडे सहसा फिरकत नसत. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, मला उचललं आणि पदराने माझी धूळ पुसली.

"काय करून राह्यल्या?" दारातून सदाशिवरावांनी विचारलं.

"उकंडाभाऊचा आवाज बसला म्हंते," विमलताई म्हणाल्या. "काल आपल्या वावरातला गडी ओकत घरी गेला. त्याच्या बायकोनं मले इचारलं, ताई, हे बी दारूच का? मी काय सांगू तिले?"

सदाशिवराव दारातून बाजूला झाले. मी ते पाहिलं.

भर दुपारी, साऱ्या गावादेखत, पुढाऱ्याची बायको मला काखेत घेऊन बौद्धवाड्यात आली. कांताबाईने तिला खाटेवर बसवलं. मग विमलताई म्हणाल्या, "वही दाखवता का?" कांताबाईने वही दाखवली. आता तिच्यात अकरा नावं होती.

उकंडाला बोलता येत नव्हतं. त्याने मला हातात घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं आणि डोळे पुसले.

दोन दिवस त्याने गळ्याला विश्रांती दिली. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. रामधन घाबरला होता, ऑटो देईना. म्हणून मला सायकलच्या हँडलला बांधलं, बॅटरी कॅरिअरवर, आणि ती पडू नये म्हणून कांताबाई धरून चालत होती. कांताबाई म्हणाली होती, "नुसतं तोंडानं सांगतलं तं नाई चालनार का?" उकंडाचं म्हणणं होतं, "खोटं जितक्या दूर गेलं, तितक्या दूर खरं बी गेलं पायजे."

आधी चौक. कृषी केंद्राच्या अगदी समोर. उकंडाने बटण दाबलं.

"मी उकंडा बोलतो," तो म्हणाला. आवाज अजून घोगरा होता. "त्या सोमवारी मी इथं खोटं बोललो. सात मानसं दारू पिऊन फवारा मारत होते, असं मी बोललो. ते दारू पेलेले नोयते. ते औषधानं आजारी पडले. कागद दुसऱ्याचा होता, पन आवाज माहा होता, म्हनून माफी मीच मांगतो."

पानटपरीवर कुणी हसलं नाही. एक म्हातारा कास्तकार पुढे आला आणि म्हणाला, "पुन्हा सांग बाप्पा. मले नीट ऐकू नाई आलं." उकंडाने पुन्हा सांगितलं. कृषी केंद्राच्या पायरीवर सदाशिवराव उभे होते. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि आत गेले.

मग थांबा. मग तांडा. तिथे धनीबाई नव्हती, दवाखान्यात होती. तरी उकंडाने देवसिंगच्या रिकाम्या घरापुढे उभं राहून सगळं सांगितलं. शेजारची जमनी म्हणाली, "तिले सांगीन मी. आजच्या एसटीनं जातो." मी आयुष्यात पुष्कळ भाषणं फेकली आहेत. त्या दिवसाइतकं हलकं मला कधी वाटलं नाही.

सगळं लगेच सुरळीत झालं, असं मी म्हणणार नाही. वहीतली दोन माणसं घरी परत आली नाहीत. त्यांची नावं कांताबाईने खोडली नाहीत, पुढे जागा कोरी सोडली. पण नंतरच्या पंधरा दिवसांत तिच्या वहीत एकाच नावाची भर पडली. ग्रामसभेत बायकांनी ठराव मांडला, की तोंडाला बांधायला आणि हातात घालायला मालकाने दिल्याशिवाय सावरडोहचा एकही मजूर पंप उचलणार नाही. पहिला हात विमलताईंचा वर गेला. मग हळूहळू, आजूबाजूला बघत, सदाशिवरावांचाही. त्यांनी उकंडाची माफी कधी मागितली नाही. पण ते यवतमाळला जाऊन देवसिंगला भेटून आले. एका डोळ्याची पट्टी तेव्हा निघाली होती. देवसिंग त्यांना एवढंच म्हणाला, "आले. बरं झालं."

पुढच्या निवडणुकीला पक्षाची माणसं उकंडाकडे आली. त्याने सांगितलं, "मी बोलीन, पन आधी लोकाईचे प्रश्न, मंग तुमचं भाषन." काहींना राग आला. सदाशिवराव मात्र बसले. सतरंजीवर, लोकांच्या मध्ये. ममता, उकंडाची लेक, माइक घेऊन बायकांमधून फिरली. तेव्हापासून सावरडोहला हीच रीत पडली आहे. कोणताही पक्ष येवो, दहा मिनिटं तो बोलतो आणि अर्धा तास गाव विचारतं. उकंडाने मत कुणाला दिलं, ते त्याने कांताबाईलाही सांगितलेलं नाही. मी एकदा त्याला म्हणताना ऐकलं, "वडलाचा पक्ष वाईट नोयता. त्याले इचारनारं कोनी नोयतं. आमीच इचारलं नाई."

आता मी म्हातारा झालो आहे. आवाज थोडा फाटतो. मला ग्रामपंचायतीच्या टाकीवर बसवलं आहे, इथून चारी शिवारं दिसतात. कपाशीचा हंगाम चालू आहे. देवसिंगला एका डोळ्याने दिसतं, दुसऱ्याने नुसता उजेड. जड काम होत नाही, पण गावाने त्याला एक काम दिलं आहे. फवारणीच्या दिवसांत तो टाकीखालच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभा राहतो, हातात कापसाची वात घेऊन. वात कुठे झुकते ते बघून वारा सांगतो. वारा फिरला, की हात वर करतो, आणि मी सगळ्या वावरांना थांबवतो. कधी उकंडा बोलतो, कधी ममता.

जाता जाता तुम्हाला एकच विनंती. कुणी विश्वासाने तुमच्या हातात माइक आणि कागद दिला, मग तो देणारा कितीही जवळचा असो, तर वाचण्याआधी ज्यांच्याविषयी लिहिलं आहे त्यांच्या घरी एकदा जाऊन या. त्याला फार वेळ लागत नाही.

आता मला थांबायला हवं. खाली देवसिंगने हात वर केला आहे, आणि उकंडा जिना चढून येतो आहे.